ग्रहणी : अग्नी, विकर आणि अवयव यांचे संगमस्थान

‘खाल्लेले अंगी लागत नाही’ ही तक्रार आपल्या चिकित्सालयात व औषधालयात नित्य ऐकू येते. अशा वेळी पाचक चूर्णाची पुडी वा एखादे एन्झाइम सिरप देऊन रुग्णास निरोप देण्याची सवय जडली आहे. पचनात बिघाड नेमका कोठे आहे, हा प्रश्न मात्र विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

अवयवांचे सहकार्य

विकर म्हणजेच एन्झाइम कोठेही आणि केव्हाही कार्य करीत नाही. त्यास योग्य स्थान व योग्य पीएच लागतो. लाळेतील अमायलेज पिष्टमय पदार्थांचे विघटन सुरू करते. जठरातील आम्लात ते निष्क्रिय होते. याउलट पेप्सिनला तीव्र आम्लच हवे. जठरात ते पेप्सिनोजेन या निष्क्रिय रूपात स्रवते आणि आम्लाच्या संपर्काने जागृत होते.

खरा संगम होतो तो ग्रहणीत. आम्लयुक्त अन्नरस तेथे उतरताच ग्रहणीची भित्ती सिक्रेटिन रक्तात सोडते व स्वादुपिंड बायकार्बोनेटयुक्त रस पाठवून आम्लाचे शमन करते. हा रासायनिक संदेश बेलिस व स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये दाखवून दिला. स्निग्ध पदार्थ व प्रथिनांचे अंश पोहोचले की कोलेसिस्टोकायनिन स्रवते. त्यामुळे पित्ताशय आकुंचन पावते आणि स्वादुपिंडातून विकर येतात. यकृतात तयार होणाऱ्या पित्तात पाचक विकर नसतात, तथापि पित्तक्षार स्नेहाचे सूक्ष्म कण करतात, म्हणूनच लायपेज आपले काम करू शकते. ट्रिप्सिनोजेनही स्वादुपिंडात निष्क्रिय असते. लहान आतड्याच्या भित्तीवरील एन्टेरोकायनेज त्यास ट्रिप्सिन बनविते. ते स्वादुपिंडातच जागृत झाले, तर स्वादुपिंडशोथ उद्भवतो.

शास्त्रीय दृष्टी

चरकाचार्यांनी ग्रहणीस अग्नीचे अधिष्ठान मानले, तर सुश्रुताचार्यांनी पित्तधरा कलेचा संबंध ग्रहणीशी जोडला. जाठराग्नी म्हणजे केवळ विकर, असे सरळ समीकरण मांडणे मात्र उचित नव्हे. पाचक पित्ताबरोबर समान वायूची गती आणि क्लेदक कफाचे क्लेदनही आपल्या शास्त्रात सांगितले आहे. स्राव, गती व आर्द्रता यांपैकी एक जरी बिघडले तरी अग्निमांद्य दिसते. म्हणून प्रत्येक अग्निमांद्य एकाच पाचकाने सुधारेल, ही अपेक्षा शास्त्रास धरून नाही.

व्यवहारातील दक्षता

१. पेप्सिनयुक्त सिरप व आम्लशामक औषध एकाच वेळी देऊ नये. शंखभस्म, कपर्दिकभस्म हे मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेट आहेत. आम्ल कमी झाल्यावर पेप्सिन निष्प्रभ ठरते.

२. दुधानेच पोट फुगून जुलाब होत असल्यास लॅक्टेजची कमतरता संभवते. दूध बंद करून पाहावे. ताकात दुधापेक्षा लॅक्टोज कमी असल्याने ते पुष्कळांना सोसते. ग्रहणीविकारात तक्राचे महत्त्व आपणांस ज्ञात आहेच.

३. आम्लात लायपेज नष्ट होते, म्हणून पॅन्क्रिएटिनच्या कॅप्सूलमधील कणांवर आम्लरोधक आवरण असते. ते कण कुटून वा चावून घेऊ नयेत व औषध जेवणाबरोबरच घ्यावे, हे औषधालयातूनच रुग्णास सांगावे. स्वादुपिंडाच्या विकारात तज्ज्ञांनी दिलेले हे औषध परस्पर बंद करू नये.

४. मल फिकट, तेलकट, दुर्गंधी व चिकट असेल तर स्नेहपचनाचा विचार करावा. स्वादुपिंडाची विकरनिर्मिती सुमारे दहा टक्क्यांच्या खाली गेल्यावरच मलातून स्नेह स्पष्टपणे जाऊ लागतो. म्हणजे हे लक्षण दिसेपर्यंत बरीच हानी झालेली असते.

५. विनाकारण वजन घटणे, वेदनारहित कामला, पाठीकडे जाणारी पोटदुखी अथवा उतारवयात अकस्मात उद्भवलेला मधुमेह यांपैकी काहीही आढळल्यास पाचक देऊन वाट पाहू नये. स्वादुपिंडाचा कर्करोग अशाच रूपाने प्रकट होऊ शकतो. रुग्णास त्वरित तपासणीसाठी पाठवावे.

उपसंहार

दीपन-पाचन ही आपली बलस्थाने आहेत, यात शंका नाही. परंतु ज्या रुग्णाचा पित्तमार्ग अवरुद्ध आहे, त्याच्या हाती दिलेली चूर्णाची पुडी मौल्यवान आठवडे वाया घालविते. म्हणून वैद्यबंधूंनी मलपरीक्षण, वजनाची नोंद व नेत्रपरीक्षण केल्यावाचून अग्निमांद्याचे निदान लिहू नये. औषधालय चालविणाऱ्यांनीही तेच पाचक वारंवार नेणाऱ्या ग्राहकास वैद्याकडे जाण्याचा आग्रह करावा. अग्नीचे रक्षण औषधाइतकेच वेळेवर केलेल्या परीक्षणाने होते.