वाचते घडाघडा, पण समजत नाही

प्रश्न : मुलगी तिसरीत आहे. धडा घडाघडा वाचते. काय वाचलंस विचारलं की गप्प. काय करावं?
– एक आई, धरमपेठ, नागपूर

उत्तर : ताई, आधी एखादा नवा उतारा तुम्हीच वाचून दाखवा आणि मग प्रश्न विचारा. ऐकून कळत असेल, तर ती वेगामागे लागली असावी. सावकाश वाचू द्या. ऐकूनही कळत नसेल, तर शब्दसंपत्ती तोकडी असावी. गॉफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये मांडलं, की आकलन म्हणजे अक्षरवाचन गुणिले भाषेची समज. एक शून्य, तर गुणाकार शून्य. आपल्याकडे घरी मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत बहुधा इंग्रजी. पुस्तकी शब्द कानावर पडणार कुठून? म्हणून रोज मोठ्यानं वाचून दाखवा. मध्येच थांबून ‘आता काय होईल? असं का वाटतं तुला?’ विचारा. उत्तर चुकलं तरी रागावू नका. वाचून दाखवायला बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत आहेत.

शाळेतल्या बाईंनाही भेटा. प्रश्नोत्तरं पाठ करून घेण्यानं आकलन वाढत नाही. गोष्ट तिच्या शब्दांत सांगू द्या, अशी विनंती त्यांना जरूर करा.