रुपयाला नऊ मिळतात, मग पैसे जातात कुठे?

वरली मटक्याची चिठ्ठी बोटभर असते. वर आकडा, खाली रक्कम, नाव कुणाचंच नाही. आकडा लागला आणि पैसे लावून घेणाऱ्या खायवालाने हात वर केले, तर दाद कुठे मागणार? 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने हा धंदाच गुन्हा आहे.

सर्रास चालणारा भाव असा: एका आकड्याला रुपयाला नऊ, जोडीला नव्वद. आकडे दहा, जोड्या शंभर. धंदा अगदी सरळ चालला असं धरलं तरी शंभरातले दहा रुपये खायवालाचे. दहाच टक्के म्हणून कुणी हुरळून जाऊ नये, कारण जिंकलेले पैसे घरी नेतो कोण? पहिला आकडा, म्हणजे ओपन, लागला की तेच पैसे दुसऱ्यावर, क्लोजवर. हजार रुपये असे दहा वेळा फिरवले की सरासरीने साडेतीनशेच्या आसपास उरतात.

कायदेशीर हौस हवी असेल तर 1969 पासून चालणारी महाराष्ट्र राज्य लॉटरी आहे. पैसे गेलेच असं समजून तिकीट घ्यावं, उधारीवर तर कधीच नाही. दहा हजारांवरच्या बक्षिसावर तीस टक्के कर आधीच कापला जातो. लाखाचे हातात सत्तर हजार. मोबाइलवरच्या पैशांच्या रमीवर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली. त्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण लिंकवर चालणाऱ्या चोरट्या ॲपमध्ये अडकलेले पैसे परत मिळणं मुश्कील.

खरा खड्डा मात्र उसनवारीचा. शेकडा दहा महिन्याने घेतलेल्या वीस हजारांवर वर्षाचं व्याजच चोवीस हजार. सोयाबीनचे पैसे आले की आधी हे कर्ज फेडायचं, मग पेरणीला पुन्हा हात पसरायचे. विनापरवाना सावकारी 2014 च्या कायद्याने गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहाय्यक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी द्यावी. व्याजापोटी शेत लिहून दिलं असेल तर तेही अर्जात लिहावं, ते परत मिळवण्याची तरतूद कायद्यात आहे. आणि निव्वळ जुगारात हरलेल्या पैशांसाठी कोर्टात दावा टिकत नाही, हे धमकावणाऱ्याला ऐकवायला हरकत नाही.

किती रुपये गेले यावरून व्यसन कळत नाही. ‘गेलेले काढतो आणि सोडतो’ हे वाक्य घरात दुसऱ्यांदा ऐकू आलं, खताचे पैसे कुठे गेले याचं उत्तर रोज बदलू लागलं, पोत पतसंस्थेत गहाण पडल्याचं घरी उशिरा कळलं, की वेळ दवडू नये. अशा वेळी घरच्यांनी कर्ज फेडून टाकणं मला घातक वाटतं. मोकळ्या हाताने माणूस पुन्हा चिठ्ठी लिहितो. आधी पासबुक आणि एटीएम कार्ड दुसऱ्याच्या ताब्यात द्यावं, मग देणी एका कागदावर मांडावीत.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं, घरच्यांनी फोन केला तरी चालतो. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. तिथे मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते ते आधी विचारून निघावं, म्हणजे एसटीचं भाडं आणि मजुरी वाया जात नाही.