*ट्रॉलीचे मागचे दिवे : धान न्यायच्या आधी तपासा*


चंद्रपूर-मूल रोड जंगलातून जातो. अंधारात मागच्या ट्रकवाल्याला तुमची ट्रॉली टेललाईटवरूनच कळते.

इंडिकेटर दिला की टेललाईटही लुकलुकते? सगळे दिवे मंद? आधी बल्ब बदलू नका, बहुतेक अर्थिंग ढिली असते.

१) ट्रॅक्टर बंद करा. सॉकेटच्या पिना आणि चेसीसवरचा अर्थचा नट पॉलिश पेपरने घासून आवळा. हूकमधून अर्थ मिळेल या भरवशावर राहू नका, वेगळी वायर ओढा.
२) लाईट चालू करून ट्रॅक्टरच्या सॉकेटवर १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प लावा. पेटला तर दोष ट्रॉलीत, नाही तर ट्रॅक्टरकडे.
३) फ्यूज वारंवार उडतो? हूकजवळ सोललेली वायर शोधा. फ्यूजऐवजी तार टाकू नका, वायरिंग जळते.

मागे लाल रिफ्लेक्टर लावाच.