शब्द शिकू या : ‘राइट ऑफ’ म्हणजे कर्जमाफी नव्हे

‘बँकेनं कर्ज राइट ऑफ केलं’ असं कानावर आलं की गावात लगेच बोललं जातं, ‘चला, माफ झालं!’ इथंच घात होतो. म्हणून आज हा शब्द नीट समजून घेऊ.

‘राइट’ म्हणजे लिहिणे. त्याला ‘ऑफ’ जोडलं की अर्थ होतो, हिशोबातून काढून टाकणे. बँकेच्या कागदावर ‘रिटन ऑफ’ असं दिसतं, म्हणजे काढून टाकलेलं. ‘राइट डाउन’ वेगळं. त्याचा नेहमीचा अर्थ लिहून घेणे.

हा शब्द कुठं कुठं येतो?

१. माल : गटाच्या हळद पावडरीची पाकिटं भिजली, विकता येईनात. तेवढी रक्कम तोट्यात लिहिली, म्हणजे माल राइट ऑफ केला.

२. गाडी : अपघातात गाडी दुरुस्तीच्या पलीकडं गेली, तर विमावाले तिला राइट ऑफ म्हणतात.

३. माणूस : ‘डोन्ट राइट हर ऑफ’ म्हणजे तिला मोडीत काढू नका. इथं ‘हर’ मधे बसतो, हे लक्षात ठेवा.

४. कर्ज : आपल्या कामाचा अर्थ हाच. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की कर्ज एनपीए होतं (पीककर्जाला मुदत हंगामावर असते). पुढं वसुलीची आशा कमी दिसली, की बँक स्वतःच्या नफ्यातून तरतूद करून ती रक्कम ताळेबंदातून काढते. पण ही बँकेच्या वहीतली गोष्ट झाली. आपलं देणं तसंच राहतं. वसुली चालू राहते, जामीनदारही सुटत नाही.

मग माफी कशाला म्हणायचं? २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत पात्र शेतकऱ्यांच्या कर्जाचे पैसे शासनानं बँकेत भरले. ती माफी. राइट ऑफमध्ये आपल्या वतीनं कुणीच पैसे भरत नाही.

शिवाय ‘रिटन ऑफ’ हा शेरा सिबिलसारख्या पत माहिती कंपनीच्या नोंदीत उमटतो. उद्या शेळीपालनाला किंवा मसाला कांडपाला कर्ज मागितलं, की बँक आधी तीच नोंद बघते. थोडी रक्कम भरून तडजोड केली, तर ‘सेटल्ड’ असा शेरा येतो. तोही पूर्ण फेडीइतका चांगला नाही.

म्हणून एवढं करा :
• ‘राइट ऑफ झालं’ असं कुणी सांगितलं, तर शाखेत जाऊन विचारा, ‘माझ्याकडं बाकी किती?’
• कर्ज फिटलं की बेबाकी दाखला लेखी घ्या.
• आपला पत अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. तो काढून बघा.
• हप्ता थकणार असं दिसलं, तर आधीच बँकेशी बोला. लपू नका.

बैठकीत करायचा सराव : प्रत्येकीनं ‘राइट ऑफ’ वापरून एक वाक्य बोलायचं आणि वरच्या चारपैकी कोणता अर्थ, ते बाकीच्यांनी ओळखायचं. सचिव ताईंनी ती वाक्यं वहीत ‘राइट डाउन’ करावीत!