छतावरील सौर संचास बॅटरीची जोड

लकडगंज हा नागपुरांतील लांकडाच्या व्यापाराचा जुना भाग आहे. तेथें बिऱ्हाड ठेवून गांवची शेती पाहणाऱ्या वाचकांपैकीं कांहींनीं २०२४ सालीं सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेंतून गच्चीवर पॅनेल बसविलीं असतील. तीन किलोवॅटच्या संचास या योजनेनें ७८,००० रुपये अनुदान ठरविलें. परंतु भर उन्हांत लाइन गेली कीं घरांतील पंखाहि थांबतो, आणि पैसे व्यर्थ गेलेसें वाटतें. याचें कारण समजल्यावांचून बॅटरी घेणें बरें नव्हे.

अशा साध्या संचांतील इन्व्हर्टर लाइनीच्या विजेशीं मेळ राखूनच चालतो. लाइन गेल्यावर तो आपोआप बंद पडावा असा नियम आहे. तसें न झाल्यास गच्चीवरील वीज तारेंत उलट जाईल आणि खांबावर काम करणाऱ्या वायरमनाच्या जिवावर बेतेल. हा संचाचा दोष नव्हे.

नेट मीटर असलेल्या घरीं दिवसा दिलेल्या युनिटांची वजावट मिळते. म्हणून केवळ बिलासाठीं बॅटरी घेण्यांत सहसा हंशील नाहीं. ती अंधाराच्या वेळेसाठींच घ्यावी, व त्या वेळेची गरज आधीं मोजावी. दोन पंखे १५० वॅट, चार दिवे ३६ वॅट व इंटरनेटचें यंत्र १४ वॅट, मिळून २०० वॅट होतात. पांच तासांस एक युनिट लागलें. १५० अँपिअर-तासांच्या १२ व्होल्टी शिसे-आम्ल बॅटरींत १.८ युनिट मावतें. पण तिचें आयुष्य राखावयाचें तर निम्मेंच वापरावें. अर्थात् एक बॅटरी अपुरी, दोन पाहिजेत. लिथियम लोह फॉस्फेट जातीची सुमारें दीड युनिटाची बॅटरी तेंच काम करील.

जोड देण्याचे मार्ग तीन आहेत. पहिला, निवडक दिव्यापंख्यांची तार वेगळी काढून तिच्यावर नेहमींचा घरगुती इन्व्हर्टर लावणें. खर्च कमी, परंतु लाइन नसतां पॅनेल निकामीच राहतात. लाइन थोडाच वेळ जात असल्यास एवढें पुरे. दुसरा, जुन्याच्या जागीं हायब्रिड इन्व्हर्टर बसविणें. तो घर तारेपासून तोडून पॅनेल व बॅटरी यांवर भार चालवितो; मात्र पॅनेलांच्या व्होल्टेजशीं तो जुळतो कीं नाहीं हें पाहावें. तिसरा, जुना इन्व्हर्टर ठेवून त्यास आवरूं शकेल असा खास बॅटरी-इन्व्हर्टर जोडीस देणें. परंतु सौर इन्व्हर्टरची तार साध्या घरगुती इन्व्हर्टरच्या निर्गमास कोणासहि परस्पर जोडूं देऊं नये; जादा वीज मागें शिरून यंत्र व बॅटरी दोन्ही बिघडतात.

नागपुरास मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो. २५ अंशांपुढें दर दहा अंशांस शिसे-आम्ल बॅटरीचें आयुष्य सुमारें निम्में होतें. म्हणून ती गच्चीवरील पत्र्याच्या खोलींत न ठेवतां खालीं, सावलींत, हवा खेळेल अशा जागीं ठेवावी. पाण्याची मोटार तिच्यावर लावूं नये. सुरू होतांना ती नेहमींच्या पांच-सहापट प्रवाह ओढते. टांकी दिवसाच भरून घ्यावी.

संचांत फेरफार करण्यापूर्वीं महावितरणच्या कचेरींत विचारावें, आणि अर्थिंग तपासून घ्यावें. रात्रीचा हिशेब कागदावर मांडल्यावांचून दुकानाची पायरी चढूं नये, इतकेंच आमचें सांगणें आहे.