पिशवी परत आली

चाचींनी पिशवी माझ्या हातात दिली नाही, ओट्यावर ठेवली. पाच किलो तांदूळ, दोन किलो तूरडाळ, तेल, साखर, चहापूड, मेणबत्त्या, साबण. वरची गाठसुद्धा सुटलेली नव्हती. "तुमचं तुम्हाला," म्हणाल्या. "लेकीच्या सासरी मुंब्र्याला सगळ्यांनी बघितलं. सासू तिला म्हणाली, तुझी आई आता हात पसरायला लागली." एवढं बोलून त्या घाटी उतरून गेल्या. मी मोबाइल हातात धरून तसाच उभा. मोबाइलवर तोच व्हिडिओ, तीन दिवसांत अकरा हजार जणांनी बघितलेला.

ही जुलै २०२१ च्या अखेरची गोष्ट. २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. २००५ च्या पुराचा अंदाज धरून माल वरच्या फळीवर चढवून झोपलेल्यांचाही माल गेला. आमचं गाव तिथून जवळच. मोहल्ल्यातल्या पोरांचा ग्रुप मुळात अंडरआर्म क्रिकेटच्या टीममधून झालेला. पाणी ओसरल्यावर बावीस जण फावडी-घमेली घेऊन उतरलो. माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आणि वयानेही मीच मोठा, म्हणून कॅमेरा आपोआप माझ्याकडे आला. व्हिडिओ कसा काढायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण 'भाईजान, टाका ना ग्रुपच्या नावाने' म्हणणारे बाकीचे सगळेच होते.

चाचींना रेशनची पिशवी देतानाचा, एक मिनिट चाळीस सेकंदांचा तो व्हिडिओ. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात जाते ती हळू गतीने. मग चाचींचा चेहरा, ओढणीच्या टोकाने डोळे पुसताना. मागे नशीद, म्हणजे भक्तिगीत. तेव्हा मला तो फार सुंदर वाटला होता.

आता कुणी म्हणेल, परवानगी घेतली नव्हती का? घेतली होती. "चाची, व्हिडिओ काढू ना?" असं मी विचारलं आणि त्यांनी मान हलवली. पण विचारताना पिशवी माझ्या हातात होती. घरात चूल पेटलेली नाही, समोर माणूस तांदूळ घेऊन उभा, अशा वेळी कोण नाही म्हणेल? ते 'हो' मी खरं धरलं, ही पहिली चूक. तेव्हापासून आमच्याकडे ठरलेलं आहे की वाटपाच्या वेळी कॅमेरा निघतच नाही. कुणाची गोष्ट सांगायचीच असेल तर आठवड्याने रिकाम्या हाताने जायचं, विचारायचं, काढलेलं त्यांना दाखवायचं आणि दोन दिवस थांबून परत विचारायचं. दुसऱ्या वेळी निम्मे लोक नको म्हणतात. त्यांचं ते नकोच खरं.

मशिदीतल्या मौलानांना मी तो व्हिडिओ कौतुकाने दाखवला होता. ते उत्तर प्रदेशातले. शेवटपर्यंत बघितला आणि एवढंच विचारलं, "बेटा, ये किसके लिए बनाया?" रिया, म्हणजे दिखावा, हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, पण मला ऐकू आला. लहानपणापासून मदरशात शिकलेलो असतो की दिखाव्यासाठी केलेली नेकी वाया जाते. पण तो दिखावा मोबाइलच्या पडद्यावर आला की ओळखू येत नाही.

खरं उत्तर असं होतं की तो आम्ही कुवेत-कतारच्या माणसांसाठी बनवला होता. आखातातली आमची मंडळी मनापासून पैसे पाठवतात आणि पैसे पोहोचल्याचा पुरावा मागतात. त्यात वावगं काही नाही. पण पुरावा म्हणजे माणसाचा चेहराच कशाला? आता त्यांना किराणा दुकानाचं बिल जातं, एका पिशवीतला माल चटईवर मांडून काढलेला फोटो जातो आणि किती पिशव्या गेल्या तो आकडा जातो. नावांची यादी जमातीच्या दोन ट्रस्टींकडे असते, ती कुणाला मिळत नाही. पहिल्या रमजानात दोघा-तिघांनी कुरकुर केली. 'व्हिडिओ नाही तर जकात दुसरीकडे देऊ' असंही एकाने ऐकवलं. त्याने दिली दुसरीकडे. रेशनच्या पिशव्या तरी कमी पडल्या नाहीत.

देवळाचं प्रकरण सांगायला मला जास्त जड जातं. त्याच आठवड्यात आम्ही खालच्या वाडीतल्या देवळातला चिखल काढला. गुडघाभर होता, सडका वास मारत होता. त्या देवळाचे गुरवकाका म्हणजे माझ्या वडिलांचे शाळासोबती. मी मोबाइल काढला तसे म्हणाले, "अरे, फावडं सोडून हे काय? तुझा आजा शिमग्यात पालखीपुढे कंदील धरायचा, त्याचा कुणी फोटो काढला होता काय?" मी हसण्यावारी नेलं आणि काढलाच. इथवर ठीक होतं. पण आमच्यातल्या एका पोराने घामाने भिजलेली टोपी काढून खिशात कोंबली होती. मी त्याला ओरडलो, "टोपी घाल रे, दिसायला पाहिजे." त्याने चिखलाच्या हातांनी टोपी चढवली आणि मग मी बटण दाबलं.

तो आमचा आजवर सगळ्यात जास्त बघितला गेलेला व्हिडिओ. लोकांनी खाली भरभरून दुवा आणि आशीर्वाद दिलेत. मला तो बघवत नाही. काम खरं, चिखल खरा, टोपीसुद्धा त्याच पोराची. पण त्या एका ओरडण्याने आम्ही शेजारी न राहता शेजारी असल्याचं प्रमाणपत्र मागायला उभे राहिलो. मुसलमान पोरांच्या ग्रुपला हा मोह पुन्हा पुन्हा होतो, कारण वातावरणच तसं आहे. आपण चांगले आहोत हे सतत कुणाला तरी दाखवायचं ओझं पाठीवर असतं. ओझं मी नाकारत नाही. पण त्याच्या तालावर कॅमेरा धरला की आपलीच पोरं आपल्याला सामानासारखी मांडावी लागतात.

आणि एवढं करूनही चांगुलपणा सिद्ध होतोच असं नाही. दुसऱ्या एका व्हिडिओत आमचा एक पोरगा बोलला होता, "आधी आम्ही आमच्या मोहल्ल्यातल्या घरात गेलो, कारण वाटेत पहिलं तेच होतं, मग बाजारपेठेत, मग पलीकडच्या वाड्यांत." कुणीतरी त्यातला पहिला तुकडा कापला. 'आधी आम्ही आमच्या मोहल्ल्यातल्या घरात गेलो' एवढाच. वर मथळा चिकटवला आणि तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सोडला. संध्याकाळी पोलीस पाटलांचा निरोप आला. बरं झालं, मूळ चित्रीकरण मी पुसलं नव्हतं. त्यांच्या पडवीत बसून सगळं दाखवलं, त्यांनी स्वतः दोन-चार ठिकाणी फोन केले, प्रकरण निवलं. पण तो पोरगा त्यानंतर कॅमेऱ्यासमोर आला नाही. एकोणीस वर्षांचा होता. त्याचं काही चुकलं नव्हतं, चूक माझी होती. बोलणाऱ्याला मी सांगायला हवं होतं की कुठलंही एक वाक्य सुटं काढलं तरी त्याचा अर्थ फिरू नये. आता आम्ही 'कारण' आधी बोलायला लावतो: "वाटेत पहिला मोहल्ला लागला, म्हणून तिथून सुरुवात केली." हे वाक्य कापायला अवघड आहे. मूळ चित्रीकरण वर्षभर ठेवतो, दोन ठिकाणी, आणि व्हिडिओच्या कोपऱ्यात तारीख व ठिकाण छापतो. शाळकरी पोरं असतील तर गणवेशावरचं शाळेचं नाव दिसतंय का हेही बघतो; आईबापांना विचारल्याशिवाय तर घेतच नाही.

नशीदचं थोडक्यात. वाद्यं नाहीत, अल्लाहची तारीफ आहे, म्हणजे ती सगळ्यांचीच, असं आम्ही धरून चाललो होतो. पण गाणाऱ्याचा आवाज आणि ध्वनिमुद्रण कुणाच्या तरी मालकीचं असतं, मग त्यात तबला असो वा नसो. यूट्यूबवर आधी दावा आला, म्हणजे जाहिरातीचे पैसे मालकाला. तिकडे दुर्लक्ष केलं. पुढे दुसऱ्या नशीदवर सरळ स्ट्राइक. नव्वद दिवसांत असे तीन झाले की चॅनेलच बंद. घाबरून अर्धे व्हिडिओ आम्ही स्वतःच उतरवले. आता मोहल्ल्यातलाच एक बारा वर्षांचा पोरगा, आवाज गोड, त्याच्याकडून गुणगुणून घेतो. कधी नुसता नदीचा आवाज ठेवतो. तो जास्त बरा लागतो.

भाषेतही फसलो. सुरुवातीला मी निवेदन अशा भारी उर्दूत लिहायचो की माझ्या आईनेच विचारलं, "हे कोण बोलतंय?" आमच्या घराघरांत कोकणी बोलतात, पोरं शाळेत मराठी शिकतात. उर्दू सगळ्यांना प्यारी, पण तिच्यात फॉर्म कसा भरायचा हे समजावता येईना. मग साध्या मराठीत आणि कोकणीत करायला लागलो आणि विषयही बदलले. आधारवर 'शेख' एक तऱ्हेने, दाखल्यावर दुसऱ्या, पासपोर्टवर तिसऱ्या स्पेलिंगने. हे कुठून दुरुस्त करायला सुरुवात करायची, यावर सहा मिनिटांचा व्हिडिओ केला. बघणारे जेमतेम नऊशे. पण त्यातले कित्येक कागद घेऊन दुकानात आले. चेहरा कुणाचाच नाही, फक्त कागद आणि बोट.

माझी सगळ्यात मोठी चूक मात्र परवानगीची नाही की नशीदची नाही. ती आवाजाची आहे.

मोहल्ल्यात वरच्या अंगाला एक खलाशी चाचा होते, ऐंशी पार केलेले. आमच्या भागातल्या कित्येक घरांतले पुरुष जहाजांवर गेले. चाचांनी मुंबई-जेद्दा हजच्या जहाजांवर नोकरी केली. ती समुद्राची वाट १९९५ ला बंद झाली, आता हाजी विमानानेच जातात. मुंबईतून निघताना बंदरावर किती रडारड व्हायची, वाटेत कुणी वारलं तर समुद्रात दफन कसं करायचे, एहराम बांधायची वेळ आली की भोंगा कसा वाजायचा, हे सगळं चाचांच्या तोंडी. जुन्या विचारांचे असल्याने तसवीर काढून घ्यायला तयार नव्हते. सहा महिने जात राहिलो. शेवटी म्हणाले, "हात घे माझे, तोंड नको." मला वाटलं, यापेक्षा चांगलं काय हवं? दोरी आणली. ते गाठ मारत बोलत होते, बोटं काळी, नखं जाड, एका अंगठ्याचं पेर तुटलेलं. चित्र इतकं सुरेख आलं की मी पडद्यावरून नजर हलवली नाही. बेचाळीस मिनिटं.

मोबाइल सहा फुटांवर तिपाईवर होता आणि आवाज त्याच्याच माइकने घेतला. दिवस जुलैचे, वर पत्रे. कानाला हेडफोन लावून मी पहिलं एक मिनिट ऐकलं असतं तरी कळलं असतं. काही शे रुपयांचा कॉलर माइक माझ्याच दुकानात काचेच्या कपाटात लटकत होता. तो शर्टाला लावायचा, पंखा आणि फ्रिज बंद करायचा, असर झाल्यावर बसायचं म्हणजे मगरिबच्या अजानपर्यंत सलग वेळ मिळतो, पावसाळ्यात पत्र्याखाली बसायचंच नाही. हे सगळं आज पोरांना घोकून घेतो. तेव्हा मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. घरी येऊन ऐकलं तर नुसता ताशा वाजत होता. पाऊस उघडला की परत करू, चाचा म्हणाले. गणपतीच्या सुमारास ते गेले.

त्यांचा मुलगा कुवेतला असतो. दर रमजानात मेसेज करतो, "भाई, अब्बांचं ते पाठव ना." मी दर वेळी पाठवतो. बेचाळीस मिनिटांतली साडेतीन मिनिटं, मध्ये सर उघडली होती तेवढी. दोरीवर बोटं फिरतात, चाचा म्हणतात, पहाटे जेद्दा दिसायला लागलं की डेकवर आधी एकदम सगळं गप्प व्हायचं आणि मग... इथे पत्र्यावर पुढची सर येते.