नव्या स्मृतीची परीक्षा

अनेक संगणकांना एकाच वेळी माहिती पुरविणाऱ्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. काम वाढले की त्याची स्मृती, म्हणजे रॅम, वाढवावी लागते. समजा, १६ गिगाबाइटच्या दोन पट्ट्या असलेल्या सर्व्हरमध्ये आणखी दोन तशाच पट्ट्या बसविल्या. बेरीज ६४ यावयास हवी. पडद्यावर मात्र ४८ दिसतात. दोष शोधावयाचा कसा?

प्रथम पट्टीची जात पाहावी. डीडीआर-३ ची पट्टी डीडीआर-४ च्या खोबणीत बसतच नाही, कारण तिची खाच निराळ्या जागी असते. परंतु बसली म्हणजे चालेलच असे नव्हे. सर्व्हरच्या पुष्कळ पट्ट्यांवर रजिस्टर नावाची जादा चिप असते. अशी पट्टी आणि रजिस्टर नसलेली पट्टी एकत्र नांदत नाहीत.

जात जुळत असेल तर खरा प्रयोग सुरू होतो. सर्व्हर बंद करून विजेची वायर काढावी व मनगटाला भूजोडणीचा पट्टा बांधावा. स्थिर विजेचा चटका आपल्याला जाणवण्यास सुमारे ३,००० व्होल्ट लागतात. चिप त्याहून पुष्कळ कमी दाबाने बिघडते. खोबणींना क, ख, ग, घ अशी नावे देऊ. घ मधील पट्टी दिसत नाही. तेव्हा क आणि घ मधील पट्ट्यांची अदलाबदल करावी. दुसरे काहीही बदलू नये. आता क रिकामी दिसली, तर दोष पट्टीबरोबर हलला, म्हणजे पट्टीच सदोष. घ च रिकामी राहिली, तर दोष खोबणीत किंवा तिला जोडलेल्या प्रोसेसरच्या बाजूला. आणि चारही दिसल्या तर? तर बहुधा पट्टी नीट दाबली गेली नव्हती, किंवा स्पर्शबिंदूंवर धूळ होती. हा तिसरा निकाल सर्वांत फसवा, कारण माणूस येथेच समाधान मानतो.

६४ दिसले, तरी ते विश्वासार्ह आहेत का? रॅममधील प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म धारित्रावरील विद्युतभार. तो सतत गळतो, म्हणून साधारण ६४ मिलिसेकंदांत एकदा पुन्हा भरावा लागतो. एखादे धारित्र कच्चे असेल तर १ चा ० होतो. एखाद्या मुलीचे ७० गुण द्विमान पद्धतीत १०००११० असे लिहिले जातात. डावीकडचा पहिला १ पुसला गेला तर उरतात ६! संगणक बंद पडत नाही, तक्रार करीत नाही. निकालपत्रक मात्र चुकते. म्हणून नवी स्मृती बसविल्यावर रात्रभर चाचणी चालवावी: ०१०१ आणि १०१० असे नमुने लिहावयाचे आणि परत वाचून ताडून पाहावयाचे.

सर्व्हरच्या पट्ट्यांत याहून सुंदर सोय असते. दर ६४ बिटांबरोबर ८ जादा बिट ठेवतात. त्यांच्या साहाय्याने एक बिट चुकल्यास दुरुस्त होतो, दोन चुकल्यास निदान चूक कळते. या युक्तीचा पाया रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली घातला. बेल प्रयोगशाळेतील यंत्र चूक ओळखून त्यांचे काम सोडून देई. मग चूक कोठे आहे हेही यंत्राला का कळू नये, असा त्यांचा प्रश्न होता. सर्व्हर अशा दुरुस्त्यांची नोंद ठेवतो. एकाच पट्टीचे नाव वारंवार येऊ लागले, तर ती बदलावी.

आता ५५ गुण द्विमान पद्धतीत लिहा आणि एका वेळी एकच बिट उलटवून पाहा. किती निरनिराळे चुकीचे गुण मिळतात?